परातीखालचा समुद्र

आमच्या घरात समुद्र आहे. अडीच फूट लांब, दीड फूट रुंद. त्याच्या लाटांचं बटण फ्रिजच्या मागं आहे, आणि मिक्सर लावायचा असला की सुनंदा, म्हणजे माझी बायको, समुद्र दोन मिनिटं बंद ठेवते.

जालन्यात समुद्र, हे लोकांना पटत नाही. ज्या गल्लीत नळाला पाणी सुटलं की लोक एकमेकांना फोन करून सांगतात, त्या गल्लीत एक माणूस चांगलं गोडं पाणी फिल्टरमधून काढतो, त्यात तोलून मीठ घालतो आणि माशांना देतो! शेजारच्या लोखंडेकाकूंनी एकदा हा सगळा प्रकार उभ्यानं पाहिला आणि म्हणाल्या, "सर, खारंच पाणी पायजे तर आमच्या बोरचं न्या की. मीठ घालायचं बी काम न्हाई."

समुद्र मुळात माझा नाहीच. तो आमच्या मनूचा. पोरी सासरी जाताना कपाट नेतात, शिलाई मशीन नेतात. मनूनं समुद्र माहेरी ठेवला आणि नुसती बॅग घेऊन गेली. जावईबापू अक्षय बँकेत, बदलीचं गाव रत्नागिरी. म्हणजे खऱ्या समुद्राशेजारी पोरगी आणि तिच्या समुद्राशेजारी आम्ही दोघं!

ह्या टाकीत दोन मासे आहेत, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे. पण खरा जीव कोरलांचा. कोरल म्हणजे अंगठीतलं वाळकं पोवळं नव्हे. जिवंत, दगडाला धरून बसलेलं, पाण्यात झुलणारं. कुठं हिरवी बोटं, कुठं जांभळी बटणं. मनूनं पुण्याच्या एका हौशी बाईंकडून, त्यांच्याच टाकीत वाढलेले, नखाएवढे चार तुकडे आणले होते. तेव्हा तिचा स्पर्धा परीक्षेचा निकाल दुसऱ्यांदा हुकला होता. दोन महिने पोरगी खोलीबाहेर येत नव्हती, ताट तसंच्या तसं परत यायचं. मग हे तुकडे आले, आणि त्यांना बघायला म्हणून ती सकाळी बाहेर यायला लागली. तुकडे वाढले. तीही जेवायला लागली. त्या टाकीबद्दल आम्हा नवराबायकोला ह्याच्यापुढं कुणी काही सांगायची गरज नव्हती.

आणि मनूच्या लग्नाला तीन महिने होतात न होतात तोच टाकीवरचा लाइट गेला.

कोरलांना खायला कमी मिळालं तर चालतं, पण उजेड लागतोच. मनूचा लगोलग फोन. "पप्पा, तसाच नवीन लाइट मागवा. रेडिमेड."

आता मी पंचवीस वर्षं ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्यातही 'प्रकाश' हा माझा हुकमी धडा. नाव भास्कर. (सूर्य! ठेवणाऱ्याला काय माहीत, पुढं काय होणार.)

"मनू, तुझा बाप जिवंत असताना लाइट विकत आणायचा?"

"पप्पा, म्हणूनच म्हणते. विकत आणा."

मी तिच्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. पोरींना बापाची किंमत उशिरा कळते, असं मी सुनंदाला म्हणालो. सुनंदा म्हणाली, "तिला लवकर कळल्याली दिसतीय."

एलईडीचा लाइट करणं अवघड नाही. निळे आणि पांढरे सुटे एलईडी आणायचे, अॅल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवायचे (कारण ते तापतात, आणि उष्णता निघून जायला धातू लागतो), जोडणी करायची, वरून टांगायचं. पत्रा बाजारात मिळतो. पण माझ्यातला संशोधक बाजारात न जाता स्वयंपाकघरात गेला, आणि समोर ती दिसली! सुनंदाची मोठी परात. गोल, जाड, अॅल्युमिनियमची, टाकीच्या रुंदीएवढी. जणू देवानं कणकेसाठी नव्हे, कोरलांसाठीच घडवली होती.

"अहो, परात घेऊन कुठं चाल्लात?"

"विज्ञानासाठी लागते."

"आन् कणीक?"

"पातेल्यात मळ."

तीन दिवस मी ड्रिल मशीन चालवत होतो. तीन दिवस पोळ्या पातेल्यात मळल्यासारख्या लागत होत्या. शेवटी त्या परातीला एवढी भोकं पडली की आता ती चाळणी म्हणूनसुद्धा कुणी घेतली नसती.

बाकी सामानासाठी कुंडलिका नदी ओलांडून जुन्या जालन्यात सलीमभाईंकडं गेलो. सलीमभाई लग्नाच्या मांडवांची लायटिंग करतात. दुकान एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत गेलं की सलीमभाई बाहेर येतात. त्यांनी माझी यादी वाचली, चष्मा कपाळावर नेला.

"सर, साठ दिवे? टाकी केवढीये तुमची?"

"अडीच फूट."

"अडीच फुटाला साठ? सर, एवढ्यात तर मी आख्खी वरात काढतो."

"सलीमभाई, ह्यात शास्त्र आहे."

"बिलकुल, बिलकुल. आन् हा कंट्रोलर घेऊ नका. हा शादीचा हाय. दहा-पंधरा दिवस बराबर चालतो, मंग कधी मनात आलं की नाचतो."

मी हसलो. शिकलेला माणूस न शिकलेल्या माणसाकडं बघून हसतो तसं हसलो. तेवढा एक कंट्रोलर त्यांच्याकडं तयार होता, आणि मला दम नव्हता. घेतला.

त्याच आठवड्यात माझे वडील घरी आले होते. आम्ही त्यांना दादा म्हणतो. राहणार राजूरच्या अलीकडं आमच्या गावी, शेतात मिरचीचं बियाणं करतात, वय विचारलं की रागावतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर काळा चष्मा लावून धुळीपासून लांब बसायला सांगितलं होतं. दादांना बसायची सवय नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा पिशवी भरली. मग त्यांचं टाकीकडं लक्ष गेलं. खुर्ची ओढली आणि बसले ते बसलेच.

"भास्कर, हे झाड हाय का जनावर?"

"दादा, जनावरच. पण झाडासारखं उजेडावर जगतं."

"मंग झाडच की," दादा म्हणाले. मी वाद घातला नाही. (घालायला नको होताच. पुढं कळेल.)

रविवारी सकाळी दहा वाजता उद्घाटन झालं. परात टाकीवर उलटी टांगली. सुनंदानं हळदकुंकू लावलं. मी बटण दाबलं.

काय सांगू! हॉल निळा झाला. भिंती निळ्या, सुनंदा निळी, दादांचं धोतर तर असं झळाळलं की तेच चालू केलंय असं वाटावं. दोन्ही मासे एका झटक्यात दगडामागं गेले आणि सोमवारपर्यंत दिसले नाहीत. जुन्या लाइटपेक्षा हा किती पट होता? मी मोजलंच नाही. उजेड चांगला, तर जास्त उजेड जास्त चांगला! (हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्याला मी शून्य दिलं असतं.)

पाचव्या मिनिटाला लोखंडेकाकू दारात. "सर, पार्लर टाकलं का?"

"नाही हो काकू, माशांसाठी आहे."

"माशांचं पार्लर?"

खिडकीतून निळा उजेड रस्त्यापर्यंत जायचा. त्या आठवड्यात दोन बायका भुवया कोरायचं विचारून गेल्या. त्यातच दादा काळा चष्मा लावून त्या उजेडासमोर बसलेले. गल्लीत बातमी झाली की सरांच्या लाइटनं म्हाताऱ्याचे डोळे गेले! कोपऱ्यावरचे पिठाच्या गिरणीवाले मुद्दाम चौकशीला आले.

"कसं झालं हो दादा?"

"गेल्ते, ते आत्ता आले व्हते," दादा थंडपणे म्हणाले, "पोरगं परत घालवून राह्यलंय."

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी व्याही आले. अक्षयचे वडील, अंबडचे, अतिशय सज्जन, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यांचे थोरले भाऊ महिन्यापूर्वीच वारले होते. सुनंदानं चहा दिला. व्याही भावाच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगायला लागले. "शेवटी शेवटी ओळखत नव्हता कुणाला. पण माझा हात धरला, आन् म्हणाला..." त्यांनी रुमाल डोळ्याला लावला. सुनंदानं पदर लावला. मी मान खाली घातली.

आणि परात नाचायला लागली!

आधी एक एक दिवा पळाला, गोल, परातीच्या काठाकाठानं. मग सगळे एकदम उघडझाप. मग निळे-पांढरे, निळे-पांढरे. नुसता संबळ तेवढा कमी होता. मी झेप घेतली, पण कंट्रोलर मी शोभेसाठी कपाटामागं लपवला होता. कपाट हलवायला सुनंदा आली, कपाटावरची मनूच्या लग्नाची फ्रेम पडायला आली, ती दादांनी एका हातानं झेलली. त्या सगळ्यात व्याह्यांच्या चेहऱ्यावर निळं-पांढरं, निळं-पांढरं. शेवटी मी प्लग उपटला.

"माफ करा," मी म्हणालो, "कंट्रोलर लग्नाचा आहे."

व्याह्यांनी परातीकडं बघितलं. मग रुमाल खाली घेतला. "भास्करराव," ते म्हणाले, "आमच्या भाऊला नाचायचं लई वेड होतं. वरातीत पहिला तो असायचा." आणि हसले. हसता हसता पुन्हा रडले. पण हे रडणं मघाच्यापेक्षा मोकळं होतं. जाताना माझा हात दाबून म्हणाले, "बरं वाटलं." तेवढ्या एका कामाला परात उपयोगी पडली, हे मी आजही सांगतो.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी निमूट साधा, न नाचणारा कंट्रोलर दिला. "मी बोललो व्हतो" असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

पण खरं संकट त्याआधीच सुरू झालं होतं, आणि त्याचं मी स्वागत केलं होतं! झालं असं की चार-पाच दिवसांतच हिरव्या कोरलाची बोटं फिकट व्हायला लागली. मग जांभळी बटणं गुलाबी झाली. मग सगळंच पांढरं. मला वाटलं, मळ निघून राहिला.

"बघ सुनंदा, कसे स्वच्छ झाले! जुन्या लाइटमध्ये कळकट दिसायचे."

तिच्याआधी दादा बोलले.

"भास्कर, हे करपून राह्यलंय."

"दादा, करपायला हे काय मिरचीचं रोप आहे? पाण्यात आहे ते."

"पाण्यात असू दे. पान पांढरं पडलं की ऊन जास्त झालं. एवढंच मला कळतं."

मी त्यांना प्रकाशाची तरंगलांबी समजावून सांगितली. पाऊण तास. दादांनी ऐकून घेतलं. चष्म्याआड ते जागे होते की झोपले होते, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यात आणखी एक भानगड. मी चारला कॉलेजातून घरी आलो की परात बंद दिसायची. लाइट संध्याकाळी सातपर्यंत चालायला हवा, आणि हा दुपारीच झोपलेला! "बंद कशी पडली?" विचारलं की सुनंदा म्हणायची, "मला काय ठाऊक." मी निदान केलं: दिवे कमजोर आहेत, दमून बंद पडतात. म्हणून आणखी दहा दिवे लावले! परात सत्तर दिव्यांची झाली. कोरल आणखी पांढरे झाले. परात दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद!

शेवटी एका दुपारी स्टाफरूममध्ये बसून मी कॉम्प्युटरवर नीट वाचलं. वाचावं ते आधी वाचावं, हे मी पोरांना रोज सांगतो. त्यात लिहिलं होतं: कोरलाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, तेच उजेडावर अन्न करून कोरलाला घालतं आणि त्याला रंगही देतं. उजेड एकाएकी वाढला तर कोरल ते शेवाळ अंगातून बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. असं पांढरं पडलेलं कोरल मेलेलं नसतं, पण उपाशी असतं. जास्त दिवस उपाशी राहिलं तर मरतं.

उपाशी. मला एकदम मनूचं ते न जेवता परत येणारं ताट आठवलं. समोर तास होता, पोरं वाट बघत होती. मी गेलो आणि वर्गाला 'आज स्वतः वाचा' म्हणून सांगितलं. मला त्या दिवशी प्रकाशावर बोलवेना.

परात उतरवली तर चूक कबूल केल्यासारखं, म्हणून ती तशीच ठेवली. पण मनूला सांगायचं? माझी हिंमत झाली नाही. मग मी तेच केलं जे माझे विद्यार्थी गृहपाठाच्या बाबतीत करतात. संध्याकाळी व्हिडिओ कॉल आला की मी फोन हातात घ्यायचो.

"पप्पा, कोरल कसे आहेत?"

"एकदम ठणठणीत! हे बघ, मासे बघ." मी कॅमेरा माशांवर धरायचो. मासे पांढऱ्या कोरलापाशी गेले की मी छताकडं फिरवायचो. "पंखा बघ, पुसलाय आज." मग पाणी किती बदललं, मीठ किती घातलं, मोठ्या माशानं लहान्याला कसं ढकललं, दादा माशाला काय म्हणाले, लोखंडेकाकू काय म्हणाल्या. बोलत राहायचं, म्हणजे ती नीट बघायचं विसरेल!

तरी एके दिवशी ती म्हणालीच, "पप्पा, हिरवं कोरल दाखवा ना. जवळून."

मी तयारीत होतो. तिनंच दोन वर्षांपूर्वी काढलेला टाकीचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावून ठेवला होता. फोन लॅपटॉपसमोर धरला. हिरवीगार बोटं डुलत होती. "बघ!" मी म्हणालो. "काय वाढलंय!"

"अगं बाई! खरंच," मनू म्हणाली.

आणि लॅपटॉपमधून मनूचाच आवाज आला, खणखणीत: "पप्पा, टाकीत बोट घालू नका म्हटलं ना!"

मी लॅपटॉप मिटला. मला वाटलं, संपलं.

"छान दिसतंय पप्पा," मनू म्हणाली. "उद्या परत दाखवा."

सुटलो! पोरगी भोळी आहे, मी सुनंदाला म्हणालो. सुनंदा तोंडात पदर धरून आत गेली.

संकष्टी चतुर्थीला दादा राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेले आणि येताना शेतावरून जाऊन आले. एसटीतून उतरले ते काखेत हिरव्या जाळीची गुंडाळी घेऊन. शेडनेट. मिरचीच्या रोपांवर ऊन तोडायला घालतात ती.

"दादा, हे कशाला?"

"तुझी परात लई तापून राह्यली. तू काय तिला काढायचा न्हाईस. मंग मधी सावली तर घालू दे." त्यांनी कात्रीनं टाकीच्या मापाचे तुकडे केले, परातीखाली एकावर एक तीन थर ताणून बांधले. उजेड एकदम मऊ झाला. दादांनी काळा चष्मा काढून बघितलं. "आता दर आठ-धा दिवसाला एक थर काढायचा. रोपाला सावलीतून एकदम उन्हात टाकलं की ते मरतं. हळूहळू सवय लावली की तेच ऊन त्याला मानवतं. आम्ही काय शाळा शिकलो न्हाई, पण रोपं मारली न्हाईत."

मी लॅपटॉप उघडला. मी वाचलेल्या त्या पानाच्या खाली, जिथवर मी वाचलंच नव्हतं तिथं, उपाय दिलेला होता: टाकीवर जाळीचे थर घाला आणि एकेक काढत जा. मी दादांना ते वाचून दाखवलं. दादा म्हणाले, "बरं झालं, त्याला बी ठाऊक हाय."

दादांनी मुक्काम वाढवला. शेत चुलतभाऊ बघत होता. रोज सकाळी चहा घेऊन टाकीसमोर. वाढवलेले दहा दिवे मी गुपचूप काढले. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी त्यांनी मला हाक मारली तेव्हा मी अंघोळ अर्धी टाकून पळालो. पांढऱ्या बोटाच्या बुडाशी, नीट बघितलं तर, मेथीच्या दाण्याएवढा हिरवा डाग होता. सुनंदानं त्या दिवशी शिरा केला.

नागपंचमीला मनू माहेरी आली. सकाळच्या गाडीनं, हातभर बांगड्या, थोडी बारीक झालेली. दारातून सरळ टाकीपाशी. कोरल तोवर अर्धे हिरवे, अर्धे पांढरे, एक छोटं जांभळं बटण गेलेलंच. वर हिरवी जाळी, तिच्यावर भोकाभोकांची परात. मी पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "मनू, त्याचं असं झालं की प्रकाशाची तीव्रता..."

"पप्पा, मला माहितीये. मम्मीनं पहिल्याच आठवड्यात फोटो पाठवले."

मी सुनंदाकडं बघितलं. सुनंदानं पातेल्याकडं बघितलं. (परात नव्हती ना.)

"मनूनंच सांगितल्तं, दुपारी दोनला लाइट बंद करत जा म्हणून," ती म्हणाली. "मी बंद करत व्हते."

"मग मला का नाही सांगितलं? मला वाटलं दिवे कमजोर आहेत!"

"मला काय माहीत तुम्ही वरून आणखी धा लावताल!"

दादा हसायला लागले. एवढं हसले की सुनंदानं त्यांना डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून दटावलं. मी मनूला म्हणालो, "अगं, मग तू तरी बोलायचं. महिनाभर मी पंखा दाखवतोय तुला, लॅपटॉप दाखवतोय. रागवायचंस तरी."

मनू टाकीकडंच बघत होती. "पप्पा, आधी मी फोन केला की तुम्ही काय बोलायचे? 'जेवलीस का? बरं. मम्मीला देतो.' संपलं. कोरल पांढरे पडले तेव्हापासून तुम्ही रोज पंधरा-वीस मिनिटं बोलायला लागले. खोटं का होईना! तिथं नवीन गाव, अक्षय संध्याकाळपर्यंत बँकेत, ओळखीचं कुणी नाही. मी पाच वाजल्यापासून घड्याळ बघायची. म्हटलं, खरं बोलले तर तुम्ही परत फोन मम्मीला देताल."

मी "चहा टाक गं" म्हणालो, आणि कुणी उठायच्या आत स्वतःच टाकायला गेलो. साखर दोनदा पडली. सगळ्यांनी प्यायला.

शेवटचा थर दादांनी मनूच्या हातून काढवून घेतला. आठ दिवस राहून ती निघाली तेव्हा दादांनी विचारलं, "ह्याचं कलम व्हतं का गं?" होतं. हिरव्या कोरलाच्या चांगल्या बाजूचं नखाएवढं बोट मनूनं कापलं, डब्यात खारं पाणी घालून, न्यायला आलेल्या अक्षयच्या गाडीत मांडीवर घेऊन गेली. तिथं छोटी टाकी घेतली. लाइट रेडिमेड.

परवा बँकेला सुट्टी होती, दुपारी अक्षयचा फोन आला. मनूला तिथल्या एका शाळेत नोकरी लागलीय, ती शाळेत होती. जावईबापूंचा आवाज घाबरलेला. "पप्पा, खिडकीतून ऊन येऊन ते कोरल जरा फिकट पडलंय. मनू यायच्या आत काहीतरी करायला पाहिजे."

एवढा अनुभव गाठीशी असल्यावर मी कशाला थांबतो! प्रकाशाची तीव्रता, तरंगलांबी, कोरलातलं शेवाळ, खिडकीची दिशा, परावर्तन. आकृती दाखवता येत नव्हती म्हणून हातवारे केले. पंधरा मिनिटं. अक्षय मधून मधून "हो पप्पा", "बरोबर पप्पा" म्हणत होता. गुणी पोरगा आहे.

मी श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "पप्पा, दादा आहेत का जवळ? जरा त्यांना देता फोन?"

दिला. अजूनही टाकीसमोरच मुक्काम असलेल्या दादांनी तो कानाला लावला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "जावईबापू, आधी एक सांगा. भास्करनं सांगितल्यालं अजून काही केलं तर न्हाई ना? न्हाई? मंग वाचतंय."